बालविकासाचे कोणते प्रश्न आधी? अग्रक्रम ठरविण्याच्या प्रक्रियेतील सांगलीचा अनुभव

आशियातील विकसनशील देशांमध्ये येत्या दहा वर्षांत बालविकासाच्या कोणत्या प्रश्नांवर संशोधन व्हावे, याची यादी तयार करणाऱ्या एका सामूहिक प्रक्रियेत मी सांगलीतून सहभागी झाले होते. संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्था, विद्यापीठे आणि शासकीय विभाग यांच्यापुढे ठेवायची ही यादी बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याच्या मर्जीने ठरू नये, म्हणून त्यासाठी एक बांधीव पद्धत वापरण्यात आली. ती पद्धत जिल्ह्याच्या पातळीवर राबविताना प्रश्न कसे जमले, त्यांना गुण कसे मिळाले आणि त्या गुणांत कोणती मुले मागे पडत गेली, ते मी येथे लिहीत आहे. बालविकास हा विषय अनेक वर्षे शिकविल्यामुळे त्यातील सिद्धान्त मला परिचयाचे होते. प्रश्नांना गुण देण्याचा प्रकार मात्र नवा होता.

अशी यादी मुळात कशाला हवी, हे आधी सांगायला हवे. २००७ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने बालविकासावर एक लेखमाला प्रसिद्ध केली. विकसनशील देशांतील पाच वर्षांखालील २० कोटींहून अधिक मुले आपल्या अंगभूत क्षमतेपर्यंत पोहोचत नाहीत, असा अंदाज तिच्यात मांडलेला होता आणि त्यांतली ८ कोटी ९० लाख मुले एकट्या दक्षिण आशियातील होती. २०१६ च्या लेखमालेत सुधारित पद्धतीने हाच आकडा सुमारे २५ कोटी, म्हणजे अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील ४३ टक्के मुले, असा आला. हे आकडे भाषणांतून सर्रास उद्धृत होतात, पण ते मुलांच्या बोलण्या-चालण्याची प्रत्यक्ष चाचणी घेऊन काढलेले नाहीत, हे फारसे कोणी सांगत नाही. वयाच्या मानाने खुंटलेली उंची आणि घरचे आत्यंतिक दारिद्र्य या दोन खुणांवरून बांधलेला तो अंदाज आहे. ज्या भागात जगातील सर्वाधिक मुले राहतात, त्या भागातील मुलांच्या विकासाची थेट मोजणी इतकी विरळ आहे की अंदाजावाचून गत्यंतर नव्हते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर, २००८ साली मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी अमेरिकी मानसशास्त्राची सहा अग्रगण्य नियतकालिके तपासली, तेव्हा अभ्यासांत घेतलेल्या व्यक्तींपैकी ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील निघाल्या. आम्ही वर्गात ‘मुलाचा विकास असा होतो’ म्हणून जे शिकवितो, ते बहुतांशी मूठभर देशांतील मुलांच्या निरीक्षणावर उभे आहे.

वापरलेली पद्धत सीएचएनआरआय, म्हणजे ‘चाइल्ड हेल्थ अँड न्यूट्रिशन रिसर्च इनिशिएटिव्ह’, या उपक्रमातून पुढे आली आणि इगोर रुदान व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडविली. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि इन्क्लेन ही संशोधन संस्था यांनी २०१६ ते २०२५ या काळासाठी माता व बाल आरोग्य आणि पोषण संशोधनाचे अग्रक्रम ठरविताना हीच पद्धत वापरली होती. तिची रचना सोपी आहे. प्रथम चौकट आखायची: कोणती मुले, कोणता प्रदेश, किती वर्षांची मुदत. मग जाणकारांकडून संशोधनाचे प्रश्न मागवायचे, सारखे प्रश्न एकत्र करायचे आणि उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला ठरावीक निकषांवर गुण द्यायचे. प्रश्नाचे उत्तर संशोधनाने मिळू शकते का, त्यातून निघणारा उपाय परिणामकारक ठरेल का, तो प्रत्यक्ष राबविता येईल का, समस्येचा भार किती हलका होईल आणि वंचितांना त्याचा लाभ मिळेल का (म्हणजे समन्याय), असे पाच निकष असतात. ‘होय’ला १, ‘नाही’ला ०, ‘ठरवता येत नाही’ला अर्धा गुण, आणि त्या बाबतीत आपल्याला पुरेशी माहिती नसेल तर घर रिकामे सोडायचे. सर्वांच्या उत्तरांतून प्रत्येक प्रश्नाला ० ते १०० मधील एक आकडा मिळतो.

‘जाणकार’ कोणाला म्हणायचे, यावर आमच्या गटात पहिल्याच टप्प्यात मतभेद झाले. मूळ निमंत्रणात प्राध्यापक, बालरोगतज्ज्ञ आणि धोरणकर्ते एवढेच अपेक्षित होते. अंगणवाडी सेविका, पर्यवेक्षिका आणि आशा यांच्याकडूनही प्रश्न घ्यावेत, असा आग्रह मी आणि साताऱ्याच्या एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी धरला आणि तो मान्य झाला. गुण देण्याचा अधिकार मात्र त्यांना मिळाला नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. इतकी दशके जी बाई गावातल्या प्रत्येक मुलाचे वजन करीत आली आहे, तिला त्या मुलाबद्दलचा प्रश्न विचारता येतो पण त्या प्रश्नाचे मोल ठरविता येत नाही, ही विसंगती मला शेवटपर्यंत खटकली.

सांगली जिल्हा अशा कामासाठी सोयीचा आहे, कारण एका जिल्ह्यात तीन-चार निरनिराळी बालपणे सापडतात. पश्चिमेला कृष्णा-वारणेच्या काठी ऊस, साखर कारखाने आणि पावसाळ्यात पुराची भीती, पूर्वेला जत, आटपाडी, कवठे महांकाळ हा कायम पाण्याकडे डोळे लावून बसलेला पट्टा, शिराळ्याकडे डोंगर, आणि सांगली-मिरज शहरांत दवाखाने, शिकवणी वर्ग आणि तिसऱ्या वर्षीच नर्सरीत जाणारी मुले. साताऱ्यातही माण-खटाव आणि पाटण-जावळी यांत असाच फरक दिसतो. प्रश्न गोळा करण्यासाठी आम्ही सेविकांच्या बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेखालील अंगणवाड्यांच्या गटाच्या, मासिक बैठका निवडल्या, कारण वेगळी बैठक बोलावली असती तर त्यांचा आणखी एक दिवस मोडला असता.

प्रश्नपत्रिका वाटल्यावर सुरुवातीला प्रश्नांऐवजी तक्रारी आल्या: मोबाइल चालत नाही, रेंज नाही, मानधन वेळेवर नाही. हे संशोधनाचे प्रश्न नव्हेत, असे म्हणून ते कागद बाजूला ठेवणे सोपे होते. पण त्याच कागदांतून पुढे यादीतील वजनदार प्रश्न निघाले. जत तालुक्यातील एका सेविकाताईंनी लिहून देण्यापेक्षा बोलूनच सांगितले, “मॅडम, दर महिन्याला वजन घेतो, उंची घेतो, मोबाइलवर भरतो. पोरगं बोलायला लागलं का, माणूस ओळखतं का, हे वरनं कुणी विचारतच न्हाई.” त्यांच्यासमोर वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी आणि ‘पोषण ट्रॅकर’ हे नोंदींचे शासकीय ॲप उघडलेला मोबाइल, असा सगळा सरंजाम मांडलेला होता. जे मोजले जाते त्याचीच विचारपूस होते, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी केंद्र शासनाचा ‘नवचेतना’ हा आराखडा २०२४ मध्ये आला असून त्यात घरच्या घरी करावयाच्या खेळ-संवादाच्या कृती महिनावार दिलेल्या आहेत. मात्र आराखडा हाती देणे वेगळे आणि गृहभेटीला पुरेसा वेळ देणे वेगळे. सकाळी पूर्वशाळा, मग आहार, मग नोंदी, मग लसीकरणाचा किंवा सर्वेक्षणाचा निरोप, एवढे उरकल्यावर गृहभेट होते ती दारात उभ्या उभ्याच.

या तक्रारीचे संशोधन-प्रश्नात रूपांतर झाले ते असे: सेविकेच्या सध्याच्या कामांतून कोणते काम कमी केले, अथवा अंगणवाडीत आणखी एक व्यक्ती दिली, तर मुलांच्या विकासात मोजता येईल असा फरक पडतो का? तमिळनाडूत या धर्तीचा एक मोठा प्रयोग झालेला आहे. तेथे अंगणवाड्यांत पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी एक जादा अर्धवेळ कार्यकर्ती दिली, तेव्हा शिकविण्याचा निव्वळ वेळ दुप्पट झाला, मुलांचे गणित व भाषेतील गुण वाढले आणि खुंटलेपण व तीव्र कुपोषणही घटले, कारण मूळ सेविकेला पोषण-आरोग्याच्या कामासाठी वेळ मिळाला. महाराष्ट्रात, तीन वर्षांखालील मुलांच्या गृहभेटींच्या बाबतीत, हे खरे ठरेल का, हा प्रश्न आमच्या यादीत गेला आणि माझ्या मते तो पहिल्या पाचांत असायलाच हवा होता.

डॉक्टरांचे प्रश्न अर्थातच निराळे आले. मिरजेच्या बालरोगतज्ज्ञांनी प्रामुख्याने अकाली जन्मलेल्या व अतिदक्षता विभागातून वाचलेल्या बाळांच्या पुढील विकासाबद्दल विचारले होते. बाळ जगते, घरी जाते आणि मग पाच-सहा वर्षांनी शाळेत ‘मागे पडतो’ म्हणून परत येते. मधली वर्षे कोणाच्याही नोंदीत नसतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला आणि जन्मजात व्यंगे, कमतरता, आजार यांच्या जोडीला विकासातील विलंबही त्याच्या तपासणीत आला. पण तपासणीत सापडलेले मूल जिल्ह्याच्या केंद्रापर्यंत पोहोचते का आणि उपचार पूर्ण होतात का, याचा माग काढणारे अभ्यास कमीच आहेत. इन्क्लेनच्या पाच ठिकाणच्या अभ्यासात २ ते ९ वर्षांच्या मुलांमध्ये चेता-विकासाशी, म्हणजे मेंदू व मज्जासंस्थेच्या वाढीशी, निगडित विकारांचे प्रमाण लक्षणीय आढळले होते; २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार ६ ते ९ वर्षे वयोगटात ते सरासरी १३.६ टक्के होते. शहरातील पालकांनी मोबाइल आणि नर्सरीचे योग्य वय याबद्दल विचारले. ते प्रश्न यादीत घेतले, पण त्यांच्यामागे लागणारे संशोधक पुष्कळ आहेत, म्हणून त्यांविषयी येथे अधिक लिहीत नाही.

एक प्रश्न खास सांगलीचा म्हणावा असा होता. या प्रक्रियेतील ढाक्याच्या एका सदस्येने शिशाच्या विषबाधेचा विषय मांडला. बांगलादेशात हळदीला उठावदार पिवळा रंग यावा म्हणून काही व्यापारी लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य वापरीत असल्याचे तेथील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर शासनाने बाजारात तपासणी, दंड आणि जनजागृती यांचा धडाका लावला आणि दोन वर्षांत भेसळ जवळजवळ नाहीशी झाली. बालकाच्या वाढत्या मेंदूवर शिशाचा दुष्परिणाम होतो आणि तो भरून काढता येत नाही. जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक असल्याचा युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांचा २०२० चा अंदाज आहे व त्यांतील सर्वाधिक मुले भारतात आहेत. हा विषय निघताच सांगलीच्या बैठकीत क्षणभर अस्वस्थता पसरली, कारण हळदीची बाजारपेठ ही या शहराची ओळख आहे आणि २०१८ पासून सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही आहे. येथील हळदीवर कोणीही संशय घेतलेला नव्हता. प्रश्न एवढाच होता की, जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे धंदे, रंग, भांडी आणि मसाले यांपैकी कोणत्या मार्गाने आपल्या मुलांच्या शरीरात शिसे जाते, हे शोधायला जिल्हा पातळीवर रक्ततपासणी करता येईल का. बाजारपेठेचे नाव खराब होईल, असे एकाने सुचविले. त्यावर, तपासून चांगले निघाले तर नाव वाढेलच, असे उत्तर मिरजेच्या डॉक्टरांनी दिले आणि प्रश्न यादीत राहिला.

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते. गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कृष्णाकाठी येतात. जत तालुक्यातूनही अनेक कुटुंबे तोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत दोघांनाही फडात जावे लागते. लहान मूल मागे गावी आजीकडे राहिले तर ठीक, नाहीतर ते कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत येते. अशी मुले गावच्या अंगणवाडीच्या पटावर असतात आणि प्रत्यक्षात नसतात. येथे प्रत्यक्षात असतात, पण पटावर नसतात. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करण्याची सोय आहे, तथापि ती नोंद पहाटे तीनला फडाकडे निघणाऱ्या आईने कोणाकडे आणि केव्हा करावी, हे तिला सांगणारे कोणी नसते.

या मुलांच्या विकासाची मोजणी करता येईल का, हे पाहण्यासाठी आम्ही एका तळावर थोडी चाचपणी केली. आपल्याकडे मोजणीची साधने नाहीत असे मुळीच नाही. बडोद्यात प्रमिला फाटक यांच्या कामातून भारतीय बालकांसाठी उभी राहिलेली डीएएसआयआय ही मापनश्रेणी आहे, त्रिवेंद्रमचा छोटा तक्ता आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये आणलेले, बांगलादेश, पाकिस्तान व टांझानियात आधी पारखलेले जीएसईडी हे तीन वर्षांखालील मुलांसाठीचे साधनही आहे. आम्ही डेन्व्हर चाचणीच्या धर्तीवरील काही सोप्या कृती घेतल्या होत्या. त्यांपैकी एका कृतीत लहानशा बाटलीत मनुका टाकून ती बाहेर काढायची असते. बेदाण्यांसाठी प्रसिद्ध असलेले तासगाव जवळ असल्याने मनुकेऐवजी आम्ही बेदाणे नेले होते. दीड वर्षाची एक मुलगी समोर बसली होती. तिला कडेवर घेऊन फिरणारी तिची सात-आठ वर्षांची बहीण मागे उभी होती. माझ्या सहकारी मॅडमनी बेदाणा बाटलीत टाकून दाखविला. मुलीने बाटली उचलली, उपडी केली, बेदाणा तळहातावर घेतला आणि खाऊन टाकला. दुसरा दिला, तोही खाल्ला. तिसऱ्या वेळी तिने बाटली बाजूला सारली आणि आमच्या पिशवीकडे हात केला. बहीण ओशाळून म्हणाली, “तिला भूक लागलीया बाई, सकाळधरनं चहाच हाय.” सांगितल्याप्रमाणे कृती झाली का, या रकान्यात काय लिहावे, यावर आम्हां दोघींचे एकमत होईना. बाटली उपडी करून बेदाणा मिळविणे तिला जमलेच होते. मग पिशवी कोठे आहे हे तिने ओळखले, ते तर आमच्या चाचणीत कोठेच नव्हते.

त्या तळावरून दोन प्रश्न निघाले. पहिला मोजणीचा: उपाशी, थकलेल्या आणि अनोळखी माणसांची सवय नसलेल्या मुलाचा विकास कोणत्या वेळी, कोणाच्या उपस्थितीत आणि कोणत्या साधनाने मोजला म्हणजे तो त्याचा खरा विकास म्हणता येईल? दुसरा काळजीवाहकाचा. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व जागतिक बँक यांनी मांडलेल्या जोपासनेच्या आराखड्यात आरोग्य, पोषण, सुरक्षितता, प्रतिसादक्षम संगोपन आणि बालपणीच शिकण्याची संधी, असे पाच घटक आहेत. त्यांतील प्रतिसादक्षम संगोपनाचे बहुतेक प्रयोग आई आणि बाळ ही जोडी धरून केलेले आहेत. जमैकातील किंग्स्टनमध्ये खुंटलेल्या १२९ मुलांवर सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी केलेला प्रसिद्ध प्रयोग घ्या. त्यात कार्यकर्ती आठवड्यातून एकदा घरी जाऊन आईला खेळ शिकवीत असे. वीस वर्षांनी, ज्यांच्या घरी अशा भेटी झाल्या त्या मुलांची कमाई न झालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक आढळली. पाकिस्तानात सिंधच्या ग्रामीण भागात लेडी हेल्थ वर्कर, म्हणजे तेथील महिला आरोग्य कार्यकर्ती, यांच्यामार्फत केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही खेळ-संवादाचा स्पष्ट लाभ दिसला. पण दिवसभर घरी नसलेल्या आईला खेळ शिकवून काय साधणार? तळावर दिवसभर प्रतिसाद देते ती सात-आठ वर्षांची बहीण, आणि ती स्वतःच शाळेबाहेर पडलेली मुलगी असते. तिला या कामात सामील करून घ्यावे, तर तिच्या पाठीवरचे ओझे आपणच रीतसर मान्य केल्यासारखे होते. घेऊ नये, तर धाकट्याशी बोलणारे दुसरे कोणी नाही. हा पेच कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी शिकविलेला नाही.

गुण देण्याचे काम प्रत्येकाने एकट्याने करायचे असते, म्हणजे एकमेकांचा प्रभाव पडत नाही. मी ते टप्प्याटप्प्याने केले, कारण थकल्यावर हात आपोआप ‘होय’कडे वळतो, असे लक्षात आले. व्हिएतनाम किंवा फिलिपाइन्समधील सेवांबद्दलच्या प्रश्नांत कित्येक घरे मी रिकामी ठेवली आणि ही सवलत या पद्धतीत आहे, हे तिचे मोठे बलस्थान मानते. बाळंतपणानंतर मातांना येणाऱ्या नैराश्याच्या प्रश्नाला मी सर्व निकषांवर चांगले गुण दिले. गोव्यात विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी मातेचे नैराश्य आणि बाळाची खुंटलेली वाढ यांचा संबंध दाखविला आहे. पाकिस्तानात अतिफ रहमान यांच्या २००८ च्या प्रयोगात साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी गप्पांच्या बैठकींतून मातांचे नैराश्य निम्म्याहून खाली आणले होते. आपल्या आशा ताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला घरी जातातच; त्या भेटीत हे काम कसे बसवावे, एवढेच शोधायचे आहे. असे प्रश्न गुणांत वर चढतात, आणि ते चढावेत हे योग्यच आहे.

ऊसतोडीच्या मुलांचा प्रश्न गुणपत्रिकेवर घेतला, तेव्हा पद्धतीचा कल उघड झाला. उत्तर मिळू शकते का? कुटुंब एप्रिलच्या सुमारास परत जाते, पुढल्या हंगामात टोळी भलत्याच कारखान्याला जाते, निम्मी मुले पाठपुराव्यातून गळण्याची शक्यता. म्हणजे प्रामाणिक उत्तर अर्धा गुण किंवा शून्य. उपाय राबविता येईल का? दोन जिल्हे, दोन प्रकल्प, एक कारखाना आणि एक मुकादम यांच्यामध्ये जबाबदारी विभागलेली, पुन्हा अर्धा. भार किती हलका होईल? सगळ्या आशियाच्या मानाने ही मुले थोडी, म्हणून तेथेही बेताचेच. फक्त समन्यायाच्या निकषावर पूर्ण गुण. एकूण आकडा अर्थातच मधल्या फळीत गेला. ज्या कारणांमुळे या मुलांपर्यंत सेवा पोहोचत नाही, नेमक्या त्याच कारणांमुळे त्यांच्यावरचे संशोधनही ‘अवघड’ ठरून खाली सरकते. खुद्द संशोधन-निधीचा इतिहासही असाच आहे: बालमृत्यूंविषयीच्या निधीचा आढावा घेणाऱ्या २००७ च्या एका अभ्यासात ९७ टक्के अनुदाने नवी तंत्रे शोधण्यासाठी दिलेली आढळली, आणि हाती असलेली तंत्रे सर्वांपर्यंत पोहोचविल्यास अधिक जीव वाचले असते, असे त्याच अभ्यासाचे गणित सांगत होते.

निकालावरील चर्चा संगणकाच्या पडद्यावर झाली आणि ती अपेक्षेपेक्षा चांगली रंगली. लाहोरच्या सदस्याने वीटभट्ट्यांवरील मुलांचा विषय काढला, आसामकडच्या सदस्येने चहामळ्यांचा. मनिलाच्या सदस्येने सांगितले की त्यांच्याकडे प्रश्न उलटा आहे, तेथे मूल गावीच राहते आणि आई परदेशात घरकामाला किंवा परिचर्येला जाते. तेव्हा ‘स्थलांतर आणि बालविकास’ असा एकच मोठा प्रश्न करावा, म्हणजे आशियाभरची संख्या जमेस धरून त्याचे गुण वाढतील, अशी सूचना आली. मोह पडावा अशीच ती होती. मी तिला विरोध केला. मागे राहिलेले मूल एकाच घरी, एकाच शाळेत सापडते; त्याचा अभ्यास करणे तुलनेने सोपे. दोन्ही प्रश्न एकत्र झाले की निधी मिळेल आणि संशोधक सोपी बाजू उचलतील. बरोबर हिंडणारे मूल पुन्हा शीर्षकापुरते उरेल. लाहोरच्या सदस्यांनी माझी बाजू घेतली, मनिलाच्या सदस्येने अर्धवट मान्य केली, एक-दोघे नाराज राहिले.

अखेरीस प्रश्न दोन ठेवण्याचे ठरले. त्याचबरोबर, या पद्धतीत निकषांना कमी-अधिक वजन देण्याची तरतूद आहे, तिचा आधार घेऊन आम्ही दोन याद्या देण्याची मागणी केली: एक नेहमीच्या एकूण गुणांची, दुसरी समन्यायाला दुप्पट वजन देऊन केलेली. निकाल पाहिल्यावर वजने बदलणे म्हणजे खेळ संपल्यावर नियम बदलणे, असा आक्षेप घेतला गेला आणि तो रास्तच होता. म्हणून मुख्य यादी आहे तशीच ठेवून, प्रत्येक प्रश्नाचे पाचही निकषांवरील गुण स्वतंत्र रकान्यांत छापावेत, यावर तडजोड झाली. त्यामुळे मुख्य यादीत ऊसतोडीच्या मुलांचा प्रश्न मधल्या फळीतच दिसतो, पण समन्यायाच्या रकान्यात तो सर्वांत वर आहे, हे वाचणाऱ्याला पाहता येते. सेविकांच्या कामाच्या वेळेचा प्रश्न पहिल्या फळीत आला. शिशाचा प्रश्न त्याच्या खालोखाल राहिला.

त्या मधल्या फळीतील प्रश्नावर आम्ही आता सांगलीतून एक लहान अभ्यास आखीत आहोत. मुलांना तळावर शोधत बसण्याऐवजी टोळी ज्या गावातून निघते तेथूनच सुरुवात करायची, हंगामात तळावर आणि परतल्यावर पुन्हा गावी, अशी एकाच मुलाची मोजणी करायची, आणि मोजणी मुलाने खाल्ल्यानंतर, सांभाळणाऱ्या भावंडाच्या उपस्थितीत करायची, असे ठरले आहे. नीतिमूल्य समितीने पहिलाच प्रश्न संमतीचा विचारला. तळावर गेल्यास मुकादमाच्या परवानगीवाचून कोणाशी बोलता येत नाही, आणि मुकादमासमोर दिलेली संमती मोकळी मानता येत नाही. त्यामुळे संमती दसऱ्यापूर्वी, गावच्या अंगणवाडीत, आई-वडील दोघांकडून घ्यायची आणि तळावर ती पुन्हा तोंडी विचारायची, असा बदल करून आराखडा समितीकडे परत पाठविला आहे. मोठ्या बहिणीच्या शाळेचे काय करणार, हा समितीचा दुसरा प्रश्न आहे. त्यावर साखरशाळेची, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या हंगामी शाळेची, सोय असलेला तळच निवडावा, असे माझे मत आहे. तसे केल्यास सर्वांत गैरसोयीचे तळ अभ्यासातून वगळले जातील, असे मिरजेच्या डॉक्टरांचे म्हणणे आहे, आणि पुढील बैठकीत त्यावरच बोलायचे आहे.